वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन उभा जन्म शाळेत घालविलेला एक सामान्य शिक्षक आहे. तथापि माझ्या घरी जे घडले त्यातून मला जे शिकावे लागले, ते आपणापुढे ठेवण्याची परवानगी असावी.

माझे वडीलबंधू दादा यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. काहीही विचारले तरी 'बरं, बरं' एवढेच उत्तर. त्यांना भ्रम झाला असे आम्ही ठरवून टाकले आणि एके दिवशी त्यांच्या खाटेशेजारी बसूनच घराच्या वाटणीची बोलणी सुरू केली. सहज माझी दृष्टी त्यांच्याकडे गेली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांना सारे समजत होते!

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती मिळवू लागलो. आपला मेंदू वजनाने सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. वर मोठा मेंदू, त्याखाली मागील बाजूस लहान मेंदू, आणि या दोहोंस मज्जारज्जूशी जोडणारा मेंदूचा देठ. मोठा मेंदू अक्रोडाच्या गराप्रमाणे दोन अर्धांचा असतो. डावे अर्ध उजव्या अंगावर सत्ता चालविते, आणि बहुतेक माणसांत भाषेचे कामही मुख्यत्वे तेच पाहते. म्हणूनच उजवे अंग आणि वाचा पुष्कळदा एकदमच जातात.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्यापुढे एक रोगी आला. तो कित्येक वर्षे 'ताँ' एवढाच उच्चार करी. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यास बरेचसे कळे. त्याच्या मृत्यूनंतर डाव्या मेंदूच्या कपाळाकडील भागास इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने निराळे रोगी वर्णिले. ते भरभर बोलत, परंतु बोलण्यास अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांस नीट कळत नसे. त्यांची इजा डाव्या कानाच्या वरच्या बाजूस होती. भाषेचे काम या दोन ठाण्यांपुरतेच नसून मेंदूत दूरवर पसरलेल्या जाळ्यातून चालते, असे आता मानतात.

एका एकादशीस घरी भजन चालले असता दादा आमच्याबरोबर स्पष्ट शब्दांत गाऊ लागले. आम्ही थक्क झालो! गाण्यात उजव्या अर्धाचाही मोठा वाटा असतो. गाण्याच्या आधारे बोलणे शिकविण्याची उपचारपद्धतीही आहे.

म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर अंगारेधुपारे करीत न बसता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. पुढे वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञाची मदत घ्यावी. रोग्याशी सावकाश, लहान वाक्यांत बोलावे, उत्तरास अवसर द्यावा. आणि तो जणू तेथे नाहीच असे समजून त्याच्यासमोर कधीही बोलू नये.

वाटणीची बोलणी आम्ही त्याच दिवशी थांबविली. रात्री मी दादांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी डावा हात माझ्या मस्तकावर ठेविला आणि म्हणाले, 'बरं, बरं.' त्या दोन शब्दांत काय नव्हते? इतके बोलून मी आपली रजा घेतो.