म्हातारपणाची जोखीम कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



निवृत्तिवेतन म्हणजे सरकारने वृद्धांवर केलेली दया, असा समज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. वस्तुतः हा प्रश्न दयेचा नसून जोखमीचा आहे. हातपाय थकल्यावर श्रमिकाने जगायचे कशावर, आणि महागाई वाढली किंवा शेअरबाजार कोसळला तर तो फटका कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न होय.

जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली वृद्धत्व-विम्याचा कायदा केला. समाजवाद्यांचा जोर मोडणे हा त्याचा हेतू होता. परंतु कामगार, मालक आणि सरकार या तिघांनी भार उचलावा हे तत्त्व त्यातून रूढ झाले. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना, कोणतीही वर्गणी न घेता, सरकारी तिजोरीतून आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत रक्कम देऊ केली. दोन्हीकडे जोखीम समाजाने पत्करली.

चिलीने नेमके उलट केले. पिनोचेच्या लष्करी राजवटीने १९८१ साली मालकांची वर्गणी रद्द केली आणि कामगाराच्या वेतनाचे १० टक्के त्याच्या वैयक्तिक खात्यात, खासगी कंपन्यांच्या हवाली केले. ज्यांना सलग रोजगार नव्हता, विशेषतः स्त्रिया, त्यांच्या खात्यात फारसे साठलेच नाही. अखेर २००८ साली सरकारला तिजोरीतून किमान निवृत्तिवेतन द्यावे लागले. २०२५ च्या कायद्याने मालकांची वर्गणीही परत आणावी लागली. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या योजनेतून सैन्य आणि पोलीस यांना प्रथमपासूनच वगळले होते. बाजाराचे गुण गाणाऱ्या राज्यकर्त्यांनी आपल्या बंदुकधाऱ्यांचे म्हातारपण मात्र बाजारावर सोपवले नाही!

भारतातही १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांना बाजाराधिष्ठित योजना लागू झाली. सैन्यदले तेवढी वगळली. महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये याविरुद्ध संप केला. तो न्याय्यच होता. पण शेतमजूर, ऊसतोड कामगार, विडी वळणाऱ्या बाया यांच्या पदरात काय? दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी, वयाच्या ७९ वर्षांपर्यंत, केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता. त्यानंतर दीड तप लोटले तरी तो आकडा हलला नाही. महागाईची सारी जोखीम सर्वांत दुबळ्या खांद्यांवर!

देश गरीब आहे, पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाते. नेपाळ भारताहून श्रीमंत नाही. तेथे मनमोहन अधिकारी यांच्या कम्युनिस्ट सरकारच्या काळात, १९९५ साली, ७५ वर्षांवरील वृद्धांना दरमहा १०० रुपये देण्यास आरंभ झाला. पुढे सरकारे बदलली. वयाची अट खाली आली, रक्कम वाढत गेली. एकदा मिळालेला हक्क जनतेने सोडला नाही.

वृद्धांची संख्या वाढते आहे, हा आक्षेप खोटा नाही. परंतु खासगी खात्यामुळे ती घटत नाही. वृद्ध माणूस जे धान्य खातो ते त्या-त्या वर्षी तरुणांनी पिकवलेलेच असते; पैसा खात्यातून आला काय किंवा करातून आला काय. त्या पिकातला वाटा हक्काने मिळणार की बाजाराच्या मर्जीने, एवढाच निर्णय करावयाचा असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव मागणी न्यावी ती ही: निवृत्तिवेतन सर्व कष्टकऱ्यांना, वर्गणीच्या अटीविना, आणि महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेले. संघटित कामगारांनी आपल्या लढ्यात या मागणीला पहिले स्थान दिले, तरच तो लढा साऱ्या श्रमिकांचा होईल.