तुरुंगांतला पाद्री आणि त्याचा प्रश्न
(गांवच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



धर्माची कथा कोठून आली, एवढें विचारल्याबद्दल सुधारलेल्या म्हणविणाऱ्या इंग्लंडांत एका पाद्र्याला दोनदां तुरुंग भोगावा लागला. त्याचें नांव रॉबर्ट टेलर. केंब्रिजला शिकून १८१३ सालीं त्यानें दीक्षा घेतली. पुढें त्याला वाटूं लागलें कीं, येशूच्या कथा मिसर, ग्रीस येथील जुन्या देवांच्या आणि सूर्याच्या कथांवरून रचल्या आहेत. तें त्यानें भर सभेंत सांगितलें. १८२८ सालीं धर्मनिंदेबद्दल एक वर्षाची कैद झाली. ओकहॅमच्या तुरुंगांत बसून त्यानें ‘डायजेसिस’ ग्रंथ लिहिला. १८३१ सालीं पुन्हां दोन वर्षें कैद!

त्याचा साथीदार रिचर्ड कार्लाइल हा पत्र्याचें काम शिकलेला कारागीर. थॉमस पेनचें ‘एज ऑफ रीझन’ छापल्याबद्दल त्यालाहि १८१९ सालीं शिक्षा झाली होती. ह्याच पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ आपल्या जोतीरावांनीं वाचला होता.

आतां टेलरचें म्हणणें खरें कीं खोटें? नाताळ २५ डिसेंबरला होतो. पण येशूच्या जन्माची तारीख बायबलांत कोठेंहि नाहीं. रोमच्या ३५४ सालच्या एका पंचांगांत त्याच दिवशीं ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिवस आहे आणि ख्रिस्ताचाहि आहे. कोणीं कोणाचा दिवस घेतला, ह्यावर पंडितांत वाद आहे. म्हणजे प्रश्न पोकळ नव्हता.

परंतु येशू नांवाचा माणूस झालाच नाहीं, हें त्याचें मत आज बहुतेक इतिहासकार मानीत नाहींत. आपल्या कृष्णाच्या कथेंतहि त्यानें ख्रिस्तकथेचें मूळ शोधलें. हें ऐकून आपल्याकडील कोणी शास्त्रीबुवा छाती फुगवतील. पण दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एकीपासून दुसरी निघाली, असें ठरत नाहीं.

टेलर चुकला तेथें पुराव्यानें उत्तर द्यावयाचें होतें. सरकारनें कुलूप घातलें. त्यानें ना धर्म खरा ठरला, ना टेलर खोटा.

बाजारांत मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों. कुंभारदादा रागावत नाहींत, कारण मडकें पक्कें असल्याचें त्यांना ठाऊक असतें. मग पोथीला टिचकी मारली तर पोथीवाल्यानें कां रागवावें? दुसऱ्याच्या बायबलाला लावलेली कसोटी आपल्या पुराणांनाहि लावा. हें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, ह्यांत दक्षिणा कोणाला मिळते, हें घरांतल्या मुलामुलींना बेधडक विचारूं द्या. आणि तेंच त्यांनीं मलाहि विचारावें.

सत्याचा जय असो!