हर्षद मेहता आणि पावतीमागचा माल

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, हर्षद मेहता चोर होता की हुशार?" २०२० साली आलेली त्याच्यावरची मालिका मुलांनी मोबाईलवर पाहिलेली आहे आणि तिच्यातील संवाद त्यांना पाठ्यपुस्तकातील कवितेपेक्षा चांगले पाठ आहेत. मी "दोन्ही" म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. घरी गेल्यावर वाटले, मुलाला उत्तर मिळाले नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

हर्षद मेहताचा जन्म १९५४ सालचा, राजकोट जिल्ह्यातील. वडिलांचा धंदा लहानसा. बालपणाचा काही काळ आपल्या या पश्चिम उपनगरांतच गेला, पुढे शिक्षण रायपूरला. १९७६ साली मुंबईच्या लाला लजपतराय कॉलेजातून बी. कॉम. होऊन तो न्यू इंडिया अ‍ॅश्युअरन्समध्ये नोकरीला लागला. म्हणजे सुरुवात तुमच्या-आमच्यासारखीच. पुढे शेअर बाजारात उमेदवारी करून १९८४ च्या सुमारास तो स्वतः दलाल झाला. त्याची बुद्धी खरोखर तल्लख होती. जुन्या सिमेंट कंपनीची किंमत तिच्या नफ्यावरून न करता, तसाच कारखाना आज नव्याने उभारायला किती खर्च येईल यावरून करावी, असे तो सांगे. ऐकणाऱ्याला ते पटे. एसीसीचा दोनशेच्या आसपासचा शेअर नऊ हजारांवर गेला. १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला निर्देशांक एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या वर पोहोचला. वरळीचे समुद्रासमोरचे प्रशस्त घर, परदेशी गाड्या, वर्तमानपत्रांतून फोटो!

पण भाव चढवायला पैसा लागतो. तो कोठून आला, हे नीट समजून घ्या.

त्या काळी बँकांना ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागे. एखाद्या बँकेला रोखे कमी पडले की ती दुसरीकडून थोड्या दिवसांपुरते घेई आणि ठरलेल्या भावाने परत करी. हे व्यवहार दलालामार्फत होत. प्रत्यक्ष रोखे इकडून तिकडे न्यावयाचे कष्ट कोण घेणार? म्हणून विकणारी बँक एक पावती देई: रोखे आमच्याकडे आहेत, ते तुमचे समजा. या पावतीवर कोट्यवधी रुपये फिरत. बँकेच्या नावाचे चेक दलालाच्या खात्यात जमा होऊ लागले. मधले काही दिवस तो पैसा हर्षद मेहताच्या हाती असे आणि तेवढ्यात तो शेअर बाजारात जाई. जुने देणे नव्या पैशातून फिटे. पुढे तर रोखे नसतानाच पावत्या निघाल्या. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या लहान बँकांच्या अशा पोकळ पावत्या चौकशीत सापडल्या. मोठमोठ्या बँकांनी, त्यांत परदेशीही होत्या, या व्यवहारांत पैसे दिले आणि रोखे डोळ्यांनी पाहिले नाहीत.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती नमाजाविषयी नाही, रोज्याविषयी नाही. देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, याविषयी आहे. जो माल जवळ नाही तो विकू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे. मला हे वर्गातील व्याजाच्या गणितापेक्षा महत्त्वाचे वाटते.

२३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये सुचेता दलाल यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या हिशेबात पाचशे कोटींची तूट होती. पुढचे सर्वांना माहीत आहे. बाजार कोसळला, वर्षभरात निर्देशांक निम्म्याहून खाली आला. जानकीरामन समितीने एकंदर घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींवर सांगितला. मेहताला अटक झाली. १९९३ साली त्याने पंतप्रधानांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप केला, तो सिद्ध झाला नाही. सगळेच असे व्यवहार करीत होते, असा त्याचा बचाव होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्याने गुन्हा धुऊन निघत नाही. १९९९ साली मारुती उद्योगाच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ३१ डिसेंबर २००१ रोजी, कोठडीत असताना, ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात तो वारला. वय अवघे सत्तेचाळीस.

आता शेअरचे कागदच राहिले नाहीत, सर्व खात्यात जमा होते. सुधारणा झाली खरी. पण २०१९ साली बंगळूरची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी कोसळली, तेव्हा 'व्याज नव्हे, हलाल नफा' या शब्दांवर विसंबलेल्या हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे अडकले. नफा कोणत्या मालातून येतो, हे किती जणांनी विचारले होते? आणि वरच्या वर्गातील मुलांनो, तुम्ही मोबाईलवर ज्या 'ऑप्शन'च्या गोष्टी करता, त्यांत दहांपैकी नऊ जणांहून अधिक लोक तोट्यात गेले, असे सेबीच्या २०२४ च्या पाहणीत आहे.

माझ्या घरातील एक गोष्ट सांगतो. वडिलांची परवानगी घेतली आहे. ते अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. १९९२ च्या मार्चमध्ये, बाजार ऐन भरात असताना, त्यांनी बारा हजार रुपये एका किरकोळ दलालाला दिले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. ते पैसे आपाच्या डी. एड.साठी ठेवलेले होते. दलालाने सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात देतो म्हटले आणि तूर्त एक पावती लिहून दिली. मे महिन्यात त्याच्या खोलीला कुलूप होते. आपा डी. एड.ला गेली नाही. शिवणाच्या क्लासला गेली. माझ्या बी. एड.ची फी तिने भरली, शिलाईच्या पैशातून. वडील ही हकीकत कधी पूर्ण सांगत नाहीत, मध्येच उठून जातात.

ती पावती त्यांनी कपाटात जपून ठेवली आहे. आज मी ती बरोबर आणली आहे. तिच्यावर रक्कम आहे, तारीख आहे, सही आहे. शेअरचा क्रमांक नाही. ज्या विद्यार्थ्यांना पाहावयाची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे यावे. कागद जुना झाला आहे, जरा सांभाळून हाताळावा.