हातचे काम जाऊ नये
(ट्रस्टच्या महोत्सव समारंभात केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचे गुणगान करावे, असा रिवाज आहे. आणि आपल्या ट्रस्टचे कार्य गुणगानास पात्रच आहे. शाळेची पुस्तके, आजाऱ्यांना औषधपाणी, अपंग बांधवांना तीनचाकी सायकली – बालाघाटच्या पुष्कळ घरांना या दाराचा आधार वाटत आला आहे. परंतु आम्ही पेशाने शिक्षक. शाबासकी देऊन झाली की पुढचा धडा काढावयाचा, ही आमची खोड. तेव्हा आज त्या पुढच्या धड्याविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी असावी.

धडा असा की, ज्याला अपंगत्व आले त्याला मदत देण्याआधी त्याचे आहे ते काम टिकवून देता येईल काय?

प्रथम आमचीच चूक सांगतो. आमच्याबरोबर गणित शिकविणारे एक सहकारी आहेत. मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत गेला. आधी वह्यांतले आकडे चुकू लागले, मग हजेरीपटातील नावे. पालकांच्या तक्रारी आल्या. आम्ही शिक्षक मंडळींनी जमून, अगदी आपुलकीने, त्यांना सांगितले, “सर, आता विश्रांती घ्या. सन्मानाने राजीनामा द्या.” त्या क्षणी आपण मोठे दयाळू आहोत, असेच आम्हांला वाटले होते.

दरवर्षी ईदला ते सहकुटुंब आमच्याकडे शिरखुर्म्याला येत. त्या वर्षी आले नाहीत. तेव्हा आम्हीच डबा घेऊन गेलो. दार वहिनींनी उघडले. डबा हातात घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, डोळे देवानं नेले. नोकरी मात्र तुम्ही नेताय. दोन मुलींची शिक्षणं व्हायचीत. हे घरी बसून काय करतील, तेवढं सांगून जा.” आम्हांला उत्तर सुचले नाही.

शाळा उघडताच आम्ही मुख्याध्यापकांसमोर एक कागद घेऊन बसलो. डाव्या बाजूस सरांची सगळी कामे लिहिली. उजवीकडे त्यांपैकी दृष्टीवाचून अडणारी. आश्चर्य हे की, शिकविणे उजव्या बाजूस आलेच नाही! प्रमेये त्यांना मुखोद्गत होती. अडत होत्या त्या चारच गोष्टी: फळा, वह्या, हजेरी आणि जिना. फळ्यावर आता मुले पाळीपाळीने लिहितात. वह्या व उत्तरपत्रिका आम्ही तपासतो. त्याबदली सर आमचे दोन तास घेतात. हजेरी ते आवाजावरून घेतात, टिपतो वर्गनायक. त्यांचा वर्ग खालच्या मजल्यावर आणला आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला. मोबाईल फोन अक्षरे वाचून दाखवितो. तो वापरण्यास दहावीतल्या एका मुलाने त्यांना शिकविले. एकंदर रोख खर्च काय, तर रंगाचा एक डबा!

यातही एकदा चुकलो. उत्साहाच्या भरात आम्ही त्यांना दर तासाला हात धरून नेऊ लागलो. एके दिवशी त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. म्हणाले, “मास्तर, हा व्हरांडा अठरा वर्षं माझ्या पायांखालचा आहे. लागेल तेव्हा मी हाक मारीन.” तात्पर्य, कोणती मदत हवी हे ज्याचे त्यालाच विचारावे.

पुढे कळले की, हे नुसते चांगुलपणाचे काम नाही, कायद्याचेही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याचे विसावे कलम सांगते की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने काढू नये वा त्याचा दर्जा उतरवू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरी जागा द्यावी. तीही नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पदावर ठेवावे. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही यात येतात. सरकारने सूट दिलेली आस्थापना तेवढी अपवाद. १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती, आणि तिच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग या पाय गमावलेल्या शिपायाच्या बाजूने निकाल दिला. आम्ही सरांकडे राजीनामा मागितला तेव्हा नवा कायदा अमलात होता. आम्ही पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक. पण आम्हांला त्याचा पत्ता नव्हता!

बंधूंनो, दूर जावयास नको. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी बोटे झडलेल्या कुष्ठरोग्यांच्या हाती शेती व हातमाग दिला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय कोवळ्या वयातच लुळे पडले. त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या वाचनालयात अवश्य असावे. त्यांना एका कचेरीत जागा मिळाली व टिकली. पुढे त्यांच्या हातून शेकडो जणांना आधार मिळाला.

आपल्या जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तांदळाच्या गिरण्या आहेत, विणकरांची घरे आहेत. यंत्रात बोटे गेलेला गडी पोती उचलू शकणार नाही. पण पोती मोजू शकेल, काट्यावर बसू शकेल. कानाने अधू झालेल्या विणकराचा माग कानावर थोडाच चालतो? खाजगी धंद्यावर विसाव्या कलमाचे हे बंधन नाही, हे खरे. परंतु या सभागृहात गिरणीमालक आहेत, दुकानदार आहेत. त्यांच्या मनाला बंधन घालणे ट्रस्टला शक्य आहे.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, आपल्या सभासदांपैकी कोणाकडे नोकरास अपंगत्व आले, तर त्याला काढण्यापूर्वी ट्रस्टला कळवावे आणि त्या नोकरासह बसून आम्ही लिहिला तसा कागद लिहावा. दुसरी, खुर्ची, दिवा, कठडा, श्रवणयंत्र अशा किरकोळ वस्तूंसाठी ट्रस्टने एक लहानसा निधी राखावा. तिसरी विनंती आपल्या घरचीच आहे. ज्या कचेरीत आपण तीनचाकी सायकलीचे अर्ज घेतो, तिला पाच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. अर्जदार खाली थांबतो, कागद वर जातो. एवढे या महोत्सवी वर्षात दुरुस्त व्हावे.

आमचे ते सहकारी आज इथे उपस्थित आहेत. त्या पाच पायऱ्या ते मोजून चढले. हात आम्ही धरला नाही. त्यांनी मागितला नव्हता. उद्या सकाळी पहिला तास त्यांचाच आहे.