प्रतीक्षा यादी आणि शिक्षणाचा खर्च



बारावीच्या निकालाच्या आनंदापाठोपाठ घरोघरी चिंता येते. पसंतीच्या महाविद्यालयात नाव प्रतीक्षा यादीत असते. अन्यत्र मिळालेली जागा घेतल्यास भरलेले शुल्क बुडेल, अशी पालकांना धास्ती वाटते. त्यापायी हातची जागा सोडणे इष्ट नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी किमान १५ दिवस प्रवेश रद्द केल्यास, अल्प प्रक्रिया आकार वजा जाता, शुल्क परत मिळते. पुढे विलंबानुसार ते घटते. मूळ प्रमाणपत्रेही संस्थेस अडवून ठेवता येत नाहीत.

खर्चाचा विचारही असाच माहितीपूर्वक व्हावा. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. मात्र व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ही सवलत नाही. निवास-भोजनाचा खर्च उरतोच. त्याचा हिशेब आधी मांडावा.

उत्पन्नाचा दाखला निकालापूर्वीच विद्यार्थ्याच्या हाती पडेल, एवढी दक्षता शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घेतली, तरी गावातील कित्येक मुलामुलींचे वर्ष वाचेल.