खडू, शिंपला आणि लिंबाचा थेंब

(नभोवाणीवरील भाषण)

मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; तेव्हां शास्त्रज्ञाच्या अधिकारानें आपणांस कांहीं सांगावें, अशी माझी योग्यता नाहीं. परंतु आजच्या भाषणाचा विषय जो पदार्थ, त्याचा आणि माझा पस्तीस वर्षांचा घरोबा. निदान तसें मी पस्तीस वर्षें समजत होतों. ती समजूत कशी चुकीची ठरली, येथूनच आरंभ करितों.

सातवीच्या वर्गाला खडकांचा धडा शिकवितांना मी दरवर्षीं हातांतील खडू उंच धरीत असें आणि म्हणत असें, “मुलांनो, हा खडू म्हणजे एके काळचा समुद्रतळ. कोट्यवधि सूक्ष्म जीवांचीं कवचें सांचून हा झाला आहे. याचें शास्त्रीय नांव कॅल्शियम कार्बोनेट, आणि ओळखण्याची खूण ही कीं, यावर आम्ल पडलें म्हणजे हा फसफसतो.” प्रयोग करून मात्र मीं कधीं दाखविला नाहीं. एका वर्षीं एका मुलानें तो घरीं करून पाहिला. दुसऱ्या दिवशीं तो कागदाच्या पुडींत लिंबाची फोड आणि अंड्याचें टरफल घेऊन आला. टरफलावर रस पिळतांच बारीक बुडबुडे उठले. खडूवर पिळला, तो खडूनें निमूटपणें शोषून घेतला. “गुरुजी, खडू फसफसत नाहीं,” तो म्हणाला. मीं उत्तर दिलें, “तुझें लिंबू शिळें असेल. बस खालीं.” वर्ग हंसला. ज्या लिंबानें टरफल फसफसलें, तें खडूपुरतेंच शिळें कसें, हा प्रश्न त्याच क्षणीं माझ्याही मनांत आला होता. पण तो स्वतःला विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या वर्षांत त्या मुलाचा हात पुन्हां वर झालेला मला आठवत नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर एके दिवशीं नातीनें खडूची पेटी आणली, आणि तो प्रसंग मला आठवला. घरांत कोणी नाहीं असें पाहून मीं स्वयंपाकघरांतून लिंबू घेतलें आणि तोच प्रयोग केला. खडू गप्प राहिला. मग पुस्तकें चाळलीं, तेव्हां उलगडा झाला. आपल्या शाळांतील पांढरे खडू बहुतेक प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, म्हणजे जिप्समचे असतात. ज्याच्या गणेशमूर्ति करितात, तेंच हें प्लॅस्टर. जिप्सम हें कॅल्शियमचें सल्फेट. त्यांत बाहेर पडण्यासारखा वायुच नाहीं, मग बुडबुडे यावे कोठून? कांहीं जातींचे खडू खरोखरीच कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. पण आमच्या शाळेंतले तसे नव्हते. मुलगा बरोबर होता आणि गुरुजी चुकले होते.

कॅल्शियम कार्बोनेट मात्र आपल्या घरांत इतर अनेक रूपांनीं असतें. अंड्याचें टरफल, शिंपला, मोती, पोंवळें, संगमरवर हीं त्याचींच रूपें. शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा काळा ओटा हेही चुनखडीचेच दगड. ओट्यावर लिंबाचा रस किंवा चिंचेचें पाणी रात्रभर राहिलें, तर सकाळीं तेथें निस्तेज डाग दिसतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्या मुलाचा प्रयोग आपल्या ओट्यावर असा नित्य चाललेला असतो.

मीं वर्गांत सांगितलेली गोष्ट मुळांत खोटी नव्हती. चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवून मी ती सांगत होतों. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हर येथें शंभर मीटरांहून उंच असे शुभ्र कडे आहेत. तो खरा नैसर्गिक खडू. सुमारें १० कोटि ते साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तेथें समुद्र होता. त्यांत तरंगणाऱ्या एकपेशी वनस्पति आपल्या अंगाभोंवतीं कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्यांचें कवच रचीत. एकेक चकती सुमारें एका मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान. त्या मेल्या म्हणजे चकत्या तळाशीं जात, आणि थरावर थर चढून त्यांचेच कडे झाले. १८६८ सालीं नॉर्विच येथें टॉमस हक्सले या जीवशास्त्रज्ञानें कामकरी लोकांपुढें केवळ खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिलें, आणि त्या तुकड्यावरून पृथ्वीचा इतिहास वाचून दाखविला. लोकशिक्षणाचा तो आदर्श आजही मानला जातो.

आतां ते बुडबुडे कशाचे, तें पाहूं. त्याचें श्रेय एडिंबरो येथें वैद्यक शिकणाऱ्या जोसेफ ब्लॅक या तरुणाकडे जातें. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तिचा कळीचा चुना होतो आणि तो अंगाला लागला तर भाजतो. ही दाहकता त्याला भट्टींतील अग्नीपासून मिळते, असा विद्वानांचा समज होता. ब्लॅकनें वादविवाद न करितां तराजू घेतला. भाजल्यावर चुनखडीचें वजन वाढत नाहीं, उलट घटतें, असें त्याला आढळलें. अग्नीनें कांहीं दिलें नव्हतें. दगडांत कोंडलेला एक वायु निघून गेला होता. १७५४ च्या प्रबंधांत आणि १७५६ च्या सविस्तर निबंधांत त्यानें हें मांडलें. हाच वायु आज आपण कार्बन डायॉक्साइड या नांवानें ओळखतों. शुद्ध चुनखडीच्या १०० भागांपैकीं ५६ भाग चुना उरतो आणि ४४ भाग वायु उडून जातो. म्हणजे जो दगड आपण हातीं धरितों, त्याचें जवळ जवळ निम्में वजन कोंडलेल्या वायूचें आहे!

गेलेला वायु चुना परतही घेतो. पानाच्या तबकांतील चुन्याची डबी उघडी राहिली, तर वर कवची धरते. ती कवची म्हणजे हवेंतील वायु घेऊन पुन्हां तयार झालेली चुनखडी. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींतील चुना वर्षानुवर्षें असाच घट्ट होत गेला. कोंकणांत तर शिंपले भाजून चुना करीत. म्हणजे समुद्रांतील जीवाचें घर माणसाच्या घराच्या भिंतींत येई आणि तेथें पुन्हां दगड होई.

माणसाला या कामासाठीं भट्टी पेटवावी लागे. शिंपल्यांतील मऊ जीव तें थंड पाण्यांत करितो, आणि करितो तें किती कौशल्यानें! कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचे मुख्य प्रकार तीन: कॅल्साइट, अ‍ॅरागोनाइट आणि व्हॅटेराइट. घटक तेच, मांडणी मात्र निराळी. शिंपल्याच्या आंतला चकचकीत थर अ‍ॅरागोनाइटच्या सपाट पापुद्र्यांचा असतो. पापुद्रा इतका पातळ कीं, एका मिलिमीटरांत सुमारें दोन हजार थर मावतात. दोन थरांमध्यें प्रथिनें व इतर सेंद्रिय द्रव्यें यांचें अत्यंत पातळ अस्तर असतें. वजनानें हें अस्तर शेकडा ५ च्या आसपास. पण भेग पडली तर ती सरळ जाऊं शकत नाहीं, प्रत्येक पापुद्र्यापाशीं तिला वळसा घ्यावा लागतो. म्हणून हा थर नुसत्या खनिजापेक्षां कैक पटींनीं चिवट असतो.

कोणत्या थरांत कोणता स्फटिक बनवावा, हें त्या जीवाला कसें कळतें? १९९६ सालीं फालिनी, आल्बेक, वायनर आणि अडाडी या संशोधकांनीं शिंपल्याच्या निरनिराळ्या थरांतील सेंद्रिय द्रव्यें वेगळीं काढलीं आणि कायटिन व रेशमाचें प्रथिन यांच्या चौकटींत घालून स्फटिक वाढविले. अ‍ॅरागोनाइटच्या थरांतील द्रव्यानें अ‍ॅरागोनाइट घडविलें. कॅल्साइटच्या थरांतील द्रव्यानें कॅल्साइट. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनाही तसाच निष्कर्ष मिळाला. दगड कसा व्हावा हें ठरविणारा कारागीर म्हणजे प्रथिनाचा एक अंश!

परंतु या कारागिरीवर आज संकट आहे, आणि तें त्याच जुन्या वायूचें. कारखाने, वाहनें, वीजघरें यांतून निघालेल्या कार्बन डायॉक्साइडपैकीं सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. औद्योगिक युगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारें ८.२ वरून ८.१ वर उतरला आहे. आंकडा क्षुल्लक दिसतो. पण या मापाची पट्टी अशी आहे कीं, त्याचा अर्थ आम्लता शेकडा सुमारें ३० नें वाढली असा होतो. समुद्र लिंबासारखा आंबट झाला, असें नव्हे. तो अजून अल्कधर्मीच आहे. परंतु कवच रचण्यास लागणारें कार्बोनेट पाण्यांत कमी होत चाललें आहे. त्यांतही अ‍ॅरागोनाइट हें कॅल्साइटपेक्षां लवकर विरघळतें, आणि बेटें रचणाऱ्या पोंवळ्यांचे सांगाडे अ‍ॅरागोनाइटचेच. लक्षद्वीपचीं बेटें पोंवळ्यांच्या आधारावर उभीं आहेत. आपल्या मालवणाजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यांतही पोंवळीं आहेत. तेव्हां ही दूरदेशची कथा नव्हे.

यांत आपल्या घरबांधणीचाही वांटा आहे. यवतमाळ-चंद्रपुराकडील चुनखडी भट्टींत जाते आणि सिमेंट होऊन आपल्या घरांस लागते. ब्लॅकनें तराजूंत पाहिलेला वायु त्या भट्टींतून निघतो, आणि इंधनाचा धूर त्यांत भर घालतो. जगांत माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या कार्बन डायॉक्साइडपैकीं शेकडा ७ ते ८ भाग सिमेंटच्या धंद्याचा समजतात. सिमेंटवांचून आज घर नाहीं, हें खरें. म्हणून शास्त्रज्ञ निसर्गाचीच युक्ति उसनी घेत आहेत. नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथें हेन्क योंकर्स यांनीं काँक्रीटमध्यें जंतूंचीं सुप्त बीजें आणि त्यांचें अन्न मिसळलें. भेग पडून पाणी आंत शिरलें कीं जंतु जागे होतात, अन्न खातात, आणि कॅल्शियम कार्बोनेट निर्माण करून भेग बुजवितात. इमारत अधिक काळ टिकली, तर तेवढें सिमेंट नव्यानें भाजावें लागणार नाहीं.

श्रोतेहो, माझें सांगणें संपत आलें. खडू मोठा कीं शिंपला मोठा, हा प्रश्न नाहीं. ब्लॅकनें तराजूला विचारलें, आणि त्या मुलानें लिंबाला विचारलें. मीं मात्र पाठ केलेल्या वाक्यावर विसंबून दोघांची वाट अडविली. चुकीचें शिकविणें हा शिक्षकाचा लहान दोष. खरें दाखविणाऱ्याला खालीं बसविणें हा मोठा.

तो मुलगा आतां पुरता संसारी गृहस्थ झाला असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. आज योगायोगानें तो हें भाषण ऐकत असला, तर त्याला मला एवढेंच सांगावयाचें आहे: बाळ, तुझें लिंबू शिळें नव्हतें. आणि आपल्या घरांतील एखादें मूल उद्यां लिंबाची फोड घेऊन ओट्यापाशीं उभें राहिलें, तर डाग पडेल म्हणून त्याला रागावूं नका. अंड्याचें टरफल त्याच्या हातीं द्या, आणि बुडबुडे दिसेपर्यंत त्याच्याजवळ उभे राहा.