नाट्यगृहात आपली खुर्ची

आज कर्जाचा हप्ता नाही, बियाणं नाही. आज थिएटरबद्दल बोलायचंय. हसू नका. गगनबावड्याहून 55 किलोमीटरवर, कोल्हापुरात खासबागेला लागून केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या सगळं गेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आता ते पुन्हा बांधायचं काम हाती घेतलंय. म्हणून आत्ताच बोलते. घर बांधून झाल्यावर चुलीची जागा सांगून काय उपयोग?

शाहू महाराजांनी ते 1913 ते 1915 या काळात बांधून घेतलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. नाट्यगृहात मधे खांब नाही, त्यामुळं मागं बसलेल्यालाही समोरचं नीट दिसायचं. पाठीला पाठ लावून कुस्तीचं मैदान. एकाच राजानं पैलवानाला आणि गवयाला शेजारी शेजारी जागा दिली.

केशवराव लहानपणी शारदेच्या भूमिकेनं गाजले. म्हाताऱ्याशी लगीन ठरवलेल्या पोरीचं दुःख एका मुलानं गाऊन दाखवलं, कारण तेव्हा नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. आपल्यासाठी दुःख होतं, रंगमंच नव्हता.

पण कोल्हापुरानं पुढं वेगळंही करून दाखवलं. बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार. त्यांना सिनेमा काढायचा होता, पैसा नव्हता. तो दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी, असा तो काळ. गटाची वही सांभाळणाऱ्या बायांनी हे नाव लिहून ठेवावं: तानीबाई. कोल्हापूरच्या सिनेमाच्या मुळाशी एका बाईचा पैसा आहे. शाळेत हे कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

आता जरा मुंबईला चला. ज्यांचे सासरे, चुलते गिरणीत होते, त्यांना चर्नी रोडजवळचं ऑपेरा हाऊस विचारा. 1911 मध्ये इंग्लंडच्या राजानं त्याचं उद्घाटन केलं. आधी नाटकं, गाणी. मग सिनेमाचं थिएटर झालं. प्रेक्षक कमी झाले आणि 1993 मध्ये ते बंद पडलं. तब्बल 23 वर्षं कुलूप! गोंडलच्या राजघराण्याची ती मालमत्ता. त्यांनी वास्तुतज्ज्ञांकडून छत, सज्जे, नक्षी मूळच्यासारखी करून घेतली आणि 2016 मध्ये दारं उघडली. सुंदर काम झालं. पण ते खाजगी आहे. तिथं काय व्हावं, हे मालक ठरवणार.

आपलं तसं नाही. केशवराव भोसले नाट्यगृह महापालिकेचं, म्हणजे लोकांचं. पुन्हा बांधायला शासनानं पैसा जाहीर केला, तोही तुमच्या-माझ्या कराचा. शहरातल्या कलाकारांनी मागणी केली की होतं तसंच बांधा. बरोबर आहे. पण होतं तसंच म्हणजे आपण बाहेर, हेही तसंच राहील का?

महिन्यातून एखादा प्रयोग दुपारी ठेवावा. रात्री नाटक सुटल्यावर बावड्याला यायचं कसं? भर पावसात स्टँडवर मुक्काम करायचा का? बचत गटाला, शाळेला भाड्यात सवलत असावी. नाटक नसेल त्या दिवशी झिम्मा-फुगडी स्पर्धा, भजनी मंडळं, तालुक्यातल्या पोरींची नाटकं तिथं व्हावीत. आणि स्पष्टच सांगते, बायकांचे संडास पुरेसे हवेत. मध्यंतरात रांगेत उभं राहून अर्धा अंक बुडतो. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला पायऱ्यांशिवाय आत जाता यावं. आगीच्या वेळी बाहेर पडायचे दरवाजे मोकळे राहावेत, त्यापुढं खुर्च्यांचा ढीग नको. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. भिंती पुन्हा बांधता येतील, आत अडकलेलं माणूस परत कुठून आणायचं?

येत्या बैठकीत गटानं एक साधा अर्ज लिहावा, आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका यांच्या नावानं. सगळ्यांच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा. एक प्रत आपल्याकडं ठेवा आणि पोहोच घ्यायला विसरू नका.